ओळवाले अण्णा

आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी कळायला हव्यात. एक, दुपारी दोननंतर नळाला पाणी नसतं. दोन, अण्णांच्या कानावर पडेल अशा बेताने ‘ओळ’ हा शब्द उच्चारायचा नाही. पहिली गोष्ट मला वॉचमनने सांगितली. दुसरी सांगायला त्या दिवशी कुणी जागेवर नव्हतं.

काम तसं किरकोळ होतं. एका पतसंस्थेच्या सभासदांची यादी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये आली होती, एका ओळीत एक सभासद. त्या ओळी सुट्ट्या करायच्या, प्रत्येकाला क्रमांक लावायचा आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसा छापायच्या. बस. पायथॉनमध्ये हे मी डोळे मिटून केलं असतं. पण नवीन माणसाने चार गोष्टी विचारून केलेल्या बऱ्या दिसतात, म्हणून ओट्यापाशी गेलो. ओट्यापाशी अशासाठी, की आमचं ऑफिस म्हणजे कर्वे रोडच्या आतल्या गल्लीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, आणि अण्णांचं टेबल स्वयंपाकघरात.

“अण्णा, या मजकुराच्या ओळी वेगळ्या करायच्यात. बॅकस्लॅश एन वर तोडू ना?”

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग स्टुलाकडे बोट दाखवलं.

“बस. ओळ म्हणजे काय?”

तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं कमी होती. मी स्टुलावरून उठलो तेव्हा सव्वातीन झाले होते, आणि माझ्या डब्यातल्या वरणावर तूप थिजलं होतं.

ही जात फक्त कॉम्प्युटरवाल्यांतच सापडते असं नाही. आचाऱ्याला ‘पन्नास पानं’ म्हणून सांगा, त्यांच्यातला एखादा वही मिटून विचारतोच, “वाढपी धरून की सोडून?” आपण वैतागतो. बरं, वैतागून ‘सोडून’ म्हणतो आणि कार्याच्या दिवशी वाढपी उपाशी राहतात. अण्णा त्याच पंथातले. फरक इतकाच, की त्यांच्या पंगतीला पानं नव्हती, अक्षरं होती, आणि वाढपी डोळ्यांना दिसत नव्हते.

अण्णांच्या खिशात दोन पेनं आणि सहा इंची स्टीलची फूटपट्टी. ती ते स्क्रीनवर आडवी धरून वाचत. त्यांच्या मॉनिटरवर ठरावीक अंतरावर बारीक चरे पडले होते, पाट्यावर पडतात तसे. शिवाय त्यांनी एडिटरमध्ये न दिसणारं सगळं दिसेल अशी सोय करून ठेवली होती. मोकळ्या जागेला ठिपका, टॅबला बाण, ओळ संपली की आणखी एक चिन्ह. लांबून बघितलं तर वाटायचं, मजकुराला मुंग्या लागल्यात. साहेब एकदा म्हणाले, “अण्णा, हे सगळं बंद करा हो, मूळ मजकूर दिसत नाही.” अण्णा म्हणाले, “मूळ मजकूर हाच आहे. तुम्ही बघता ती छपाई.”

तर त्या दिवशीच्या जवळजवळ अडीच तासांचं सार सांगतो. सार माझं आहे. अण्णा सार काढत नसत.

“रिकाम्या कागदावर किती ओळी?” त्यांनी विचारलं.

“एकही नाही.”

“पायथॉनला विचार. रिकामा मजकूर स्प्लिटने बॅकस्लॅश एन वर तोड.”

तोडला. उत्तर आलं, एक. एक ओळ, तीही रिकामी.

“आता स्प्लिटलाइन्सने तोड.”

उत्तर आलं, शून्य.

“एकाच भाषेची दोन तोंडं. आता सांग, ओळ म्हणजे काय?”

मी गप्प. मग अण्णांनी समोरच्या कागदावर एक पूर्णविराम काढला आणि एक स्वल्पविराम. पूर्णविराम हा वाक्याचा स्वतःचा असतो, वाक्य संपलं की तो येणारच. स्वल्पविराम कुणाचाच नसतो. तो दोघांच्या मधला, बांधावरच्या झाडासारखा. पाच वाक्यांना पूर्णविराम पाच लागतात, आणि पाच नावांच्या मध्ये स्वल्पविराम चारच बसतात. ओळीच्या शेवटी जी न दिसणारी खूण असते, म्हणजे बॅकस्लॅश एन, ती यांतली कुठली? अख्खा घोळ इथे आहे. युनिक्सवाले म्हणतात पूर्णविराम. पॉसिक्स नावाचं त्यांचं प्रमाणपुस्तक आहे, त्यात ओळीची व्याख्याच अशी, की शेवटी ती खूण पाहिजे. नसेल तर ती ‘अपुरी ओळ’. स्प्लिट मात्र प्रत्येक खुणेला स्वल्पविराम समजतं आणि शेवटच्या खुणेपुढे आणखी कुणीतरी आहे असं धरून चालतं. “जावाचं स्प्लिट तिसऱ्याच तऱ्हेचं,” अण्णा म्हणाले, “शेवटच्या रिकाम्या ओळी न विचारता फेकून देतं. चांगलं करतं की वाईट, ते फाईल कुणाची आहे त्यावर.”

मला भूक लागली होती. मी मान हलवली, जागेवर आलो आणि बॅकस्लॅश एन वर तोडून मोकळा झालो.

संस्थेचे सभासद ४११ होते. फाईलमध्ये ४११ ओळी, प्रत्येकीच्या शेवटी रीतसर खूण. माझ्या हातात तुकडे आले ४१२. शेवटचा तुकडा कोरा. माझा प्रोग्राम स्वभावाने सोशिक असल्यामुळे तो अडला नाही. त्याने कोऱ्या माणसाला ४१२ हा सभासद क्रमांक दिला, नावाच्या आणि पत्त्याच्या जागा मोकळ्या सोडल्या, आणि ‘आपण सभेस अगत्याने उपस्थित राहावे’ अशी नोटीस छापली. संस्थेच्या शिपायाने ते पाकीट दोन दिवस पिशवीतून फिरवलं आणि ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारून परत आणलं. तोवर इतिवृत्तात ‘४१२ सभासदांना नोटिसा बजावल्या’ अशी नोंद होऊन गेली होती. ऑडिटरने विचारलं, हा ४१२ कोण? भागभांडवल शून्य, ठेव शून्य, कर्ज शून्य, नाव नाही. सचिव म्हणाले, साहेब, आमच्याकडे इतका निरुपद्रवी सभासद दुसरा नाही. ऑडिटर हसला नाही.

अण्णांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. नुसते माझ्या टेबलापाशी आले, कागदावर पूर्णविराम काढून दाखवला आणि ओट्यापाशी परत गेले. त्यापेक्षा टोचलेलं परवडलं असतं.

हा माणूस असा कशामुळे झाला, हे पुढे हळूहळू कळलं. मॅट्रिकनंतर अण्णांना त्यांच्या वडिलांनी टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. गोदरेजचं मशीन. हे आपलं देशी टाइपरायटर, १९५५ पासून निघायला लागलेलं. ओळ संपत आली की घंटी वाजायची, मग डाव्या हाताने लिव्हर ओढायची. त्या एका झटक्यात दोन कामं व्हायची: रोलर फिरून कागद एक घर वर जायचा, आणि आख्खं कॅरेज सरकून ओळीच्या आरंभाला यायचं. अण्णा अजूनही नव्या ओळीसाठी एंटर दाबताना डावा खांदा किंचित उचलतात. मी पाहिलंय.

पुढे कॉम्प्युटरच्या पुस्तकात त्यांना आस्कीचा तक्ता भेटला. १९६३ सालचं हे प्रमाण. त्यात १३ क्रमांकाची खूण म्हणजे ‘कॅरेज मागे घे’ आणि १० क्रमांकाची म्हणजे ‘कागद वर सरकव’. क्लासातली एक लिव्हर इथे फोडून दोन केलेली! अण्णा सांगतात, त्यांना बालपणीचा मित्र भेटल्यासारखं झालं. त्या काळच्या टेलिटाइप मॉडेल ३३ सारख्या यंत्रांना एका सेकंदाला दहा अक्षरं छापता येत. ओळीच्या टोकाहून परत आरंभाला यायला मात्र एका अक्षराहून जास्त वेळ लागे. म्हणून आधी १३ पाठवायचा आणि यंत्र धावत परत येत असताना १० पाठवायचा. ते काम झटकन होतं, तेवढ्यात यंत्र जागेवर पोचतं. घाई केली तर पुढचं अक्षर वाटेतच कुठेतरी उमटायचं. “दोन खुणा म्हणजे यंत्राला दम खायला दिलेली सवड,” अण्णा म्हणतात, आणि हे सांगताना स्वतःही दम खातात.

यंत्रं गेली, खुणा राहिल्या. मग घरात वाटण्या झाल्या. युनिक्सने मल्टिक्सकडून १० घेतला आणि म्हणाला मला एवढा पुरे. ॲपलच्या जुन्या मॅकने १३ उचलला आणि २००१ ला मॅक ओएस टेन येईपर्यंत तो सोडला नाही. डॉसने सीपीएमकडून दोन्ही घेतले, ते विंडोजने जपून ठेवले. आणि ईमेलची पत्रं तारेवरून जातात ती आजसुद्धा जोडीने, १३ आणि १०. तिन्ही भाऊ एकमेकांकडे फाईली पाठवतात आणि फाईल उघडली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने काहीतरी चोरलंय किंवा काहीतरी घाण टाकलीय.

या भाऊबंदकीतला एक दिवस मला आठवतो. २०१८ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की नोटपॅडला आता युनिक्सच्या आणि जुन्या मॅकच्याही ओळी ओळखता येतील. तोवर युनिक्सची फाईल नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एका लांबलचक दोरीसारखा दिसायचा. बाकी जगाने ही बातमी वाचलीही नसेल. अण्णांनी आंबा बर्फी आणली. साहेबांनी विचारलं, “काय, मुलाचं ठरलं का?” अण्णा म्हणाले, “नोटपॅडचं.”

बर्फी खाताना आम्ही हसलो. वर्षभरात त्या हसण्याचे पैसे फिटले.

त्याच पतसंस्थेची पुढची यादी आली. या खेपेला लाभांशाची. शेवटच्या रकान्यात ‘होय’ किंवा ‘नाही’: होय असेल त्याला लाभांश. मी मागच्या चुकीवरून शहाणा झालो होतो, शेवटचा तुकडा कोरा असला तर टाकून देत होतो. प्रोग्राम चालवला. ४११ सभासदांपैकी लाभांशाला पात्र सभासद निघाले एक.

तो एक कोण? यादी आडनावांच्या क्रमाने लावलेली होती आणि हा गृहस्थ यादीत शेवटचा होता. शाळेत हजेरीला शेवटचा, तोंडी परीक्षेला शेवटचा, रेशनला शेवटचा असा माणूस. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नशिबी असं काही आलं होतं, की जे इतर ४१० जणांना मिळालं नाही. एकशेवीस रुपये.

मी रकाना उघडून बघितला. सगळीकडे ‘होय’. डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. मी ‘होय’ची तुलना ‘होय’शी करत होतो आणि प्रोग्राम ‘नाही’ म्हणत होता. तासाभराने गेलो ओट्यापाशी.

अण्णांनी फूटपट्टी काढली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “त्या होयची लांबी विचार,” ते म्हणाले.

“दोन अक्षरं आहेत, अण्णा.”

“तुझ्यासाठी दोन. यंत्रासाठी ह एक, ओकाराची मात्रा दोन, य तीन. विचार.”

विचारली. उत्तर आलं, चार.

“चौथा कोण?” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. गावाकडे चौघांत बसलेल्या भुताची गोष्ट सांगणारा म्हातारा असाच आवाज काढतो.

मग त्यांनी कीबोर्ड ओढला आणि ते ‘होय’ चौकटी कंसात घालून छापायला सांगितलं. [होय] असं उमटायला हवं. काळ्या पडद्यावर उमटलं ते असं:

]होय

बंद होणारा कंस आधी, आणि उघडणारा गायब. मी दोनदा छापून बघितलं. अण्णा खुर्चीत मागे रेलले. “कॅरेज परत आलं,” ते म्हणाले. “होयच्या मागे १३ बसलाय. उघडा कंस छापला, होय छापलं, मग १३ म्हणाला चला आरंभाला. कर्सर गेला मागे, आणि बंद कंस उघड्या कंसाच्या डोक्यावर छापला गेला. माझ्या क्लासातलं मशीन आहे हे. फक्त घंटी वाजत नाही.”

यादी विंडोजवर तयार झालेली, तिच्या ओळींना १३ आणि १० दोन्ही. मी १० वर, म्हणजे बॅकस्लॅश एन वर, तोडलं, १३ प्रत्येक ‘होय’च्या शेपटीला चिकटून राहिला. शेवटच्या ओळीनंतर कारकुनाने एंटर दाबलंच नव्हतं. तिला खूणच नाही, म्हणून शेपूटही नाही. म्हणून तो एकटा पात्र. “आणि तू फाईल सरळ मजकूर म्हणून उघडली असतीस ना,” अण्णा पुढे म्हणाले, “तर पायथॉननेच १३ परस्पर काढून टाकला असता. तू ती अपलोडमधून बाइट्स म्हणून घेतलीस. मागच्या दाराने आलेल्या पाहुण्याचे पाय आपल्याला धुवावे लागतात.”

मी उत्साहाने म्हटलं, मग आता सगळीकडे स्प्लिटलाइन्सच वापरतो, ते १० वरही तोडतं, १३ वरही, जोडीवरही. अण्णांचा चेहरा पडला. “ते पान बदलण्याच्या खुणेवरही तोडतं, उभ्या टॅबवरही तोडतं, युनिकोडच्या आणखी दोन-चार खुणांवर तोडतं. तुला ते हवंय का? आणि कुणी एकाच रकान्यात पत्ता दोन ओळींत लिहिला असेल, अवतरणचिन्हांच्या आत? मग तू माणसाचं घर एका ओळीत ठेवशील आणि त्याची पेठ दुसरीत. अवतरणाच्या आतली ओळ ही ओळ नव्हे, ती घरातली बाब आहे. तिथे कात्री घेऊन जायचं नाही.”

हे मी काकूंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, सांगितलं, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. काकू वाण्याची यादी कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे लिहितात. पट्टी अरुंद. एका ओळीच्या शेवटी ‘शेंगदाणा’ आला आणि ‘तेल’ खालच्या ओळीत गेलं. अण्णांनी एक किलो शेंगदाणे घेतले, आणि तेल कुठलं ते लिहिलेलं नाही म्हणून दुकानात उभे राहून घरी फोन केला. अण्णांचं म्हणणं अजून तेच आहे, की यादीत अवतरणचिन्हं नव्हती.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा अण्णा रविवारी मोडी शिकायला जायला लागले. पहिल्या रविवारनंतर सोमवारी ऑफिसात आले ते थोडे खचलेलेच. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढतो, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग अक्षरं तिला खालून टांगत जातो. शब्द तुटत नाहीत. विरामचिन्हं नाहीत. कागद संपला म्हणून ओळ संपते, वाक्य आपलं खालच्या रेघेवर चालत राहतं. “तीनशे वर्षांपूर्वी मला कुणी नोकरी दिली नसती रे,” ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात मात्र टवटवीत दिसले. त्यांनी घरातली जुनी पोथी उघडून बघितली होती. तिथेही मजकूर सलग, ओव्या ओळीत बसवलेल्या नाहीत; पण प्रत्येक ओवीच्या शेवटी दोन दंड, आकडा, परत दोन दंड. शेवटच्या ओवीनंतरसुद्धा. “पूर्णविराम आहे तो, स्वल्पविराम नाही,” अण्णा म्हणाले. “आपल्या माणसांना ठाऊक होतं.” त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला, तोही बाहेरचा.

आता अण्णा निवृत्त झालेत. त्यांचं टेबल काढलं, ओट्यावर मायक्रोवेव्ह आला. जाताना त्यांनी ओळी तोडायचं सहा ओळींचं एक फंक्शन ठेवून दिलं. त्याच्या डोक्यावर अठ्ठेचाळीस ओळींची टीप आहे. तिला कुणी हात लावत नाही.

पतसंस्था चालू आहे. ४१२ या क्रमांकाला एकदा नोटीस बजावल्याची नोंद असल्यामुळे संचालक मंडळाने तो पुन्हा कुणाला दिला नाही, नव्या सभासदाला ४१३ दिला. आज सभासद आहेत ४३७ आणि शेवटचा क्रमांक आहे ४३८. दरवर्षी ऑडिटर नवा असतो आणि दरवर्षी तो विचारतो, की हा एक सभासद गेला कुठे. आम्ही त्याला अण्णांचा फोन नंबर देतो.